पहिले दहा किलोमीटर खोटं बोलतात

पत्रा_आणि_पाय (धागाकर्ता)
रविवार, सकाळी १०.४०

मंडळी, नमस्कार.

परवा सेमिनरी हिल्सचा चढ संपवून कठड्यावर दम खात बसलो होतो. तिथं रोज दिसणारा एक मुलगा आहे, इंजिनियरिंग संपवून स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या बेतात. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही मॅरेथॉन पळता, धंदाही करता. पळण्याचा धंद्याला काय उपयोग झाला?" त्याला काय ऐकायचं होतं ते चेहऱ्यावरच दिसत होतं. जिद्द, चिकाटी, काहीही झालं तरी थांबायचं नाही. मी म्हटलं, बाबू, चिकाटीनं माझं नुकसानच जास्त झालं. तो हसला. मी गंमत करत नव्हतो, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो.

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात माझा गाळा आहे. पत्र्याचे कूलर बनवतो. २०२१ च्या दिवाळीत नोकरी सोडली, २०२२ चा उन्हाळा हा पहिला हंगाम. पळणं त्याच्या कितीतरी आधीचं.

आधी पळण्याचं सांगतो. २०१९ च्या जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. सराव सगळा नागपूरच्या थंडीतला, अंबाझरी आणि फुटाळ्याच्या रस्त्यांवर. किलोमीटरला साडेसहा मिनिटं असं ठरवून गेलो होतो. सीएसएमटीहून अंधारात सुटलो, दोन्ही बाजूंना माणसं ओरडताहेत, पाय पिसासारखे. घड्याळ दाखवत होतं किलोमीटरला पाच मिनिटं पन्नास सेकंद. दहा किलोमीटर झाले, तरी श्वास शांत. वाटलं, आज आपला दिवस आहे, आपण स्वतःला उगाच कमी लेखत होतो.

परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. तिथं मी फुटपाथच्या कडेला खाली बसलो. एका आजींनी हातात संत्र्याची फोड ठेवली. नागपूरच्या माणसाला मुंबईत संत्र्याची फोड! एरवी हसलो असतो, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

झालं काय होतं? दोन गोष्टी. शरीरात साठलेली साखर असते साधारण दोन हजार कॅलरीची. पळताना वजनाच्या दर किलोमागे किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी जाते. माझं वजन ७२. गणित करा, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोठी रिकामी. शिवाय वेग वाढवला की शरीर चरबी सोडून साखरच जास्त जाळतं, म्हणजे कोठी त्याच्याही आधी रिकामी. दहाव्या किलोमीटरला यातलं काहीही जाणवत नाही. तेव्हा शरीर सांगतं, सगळं झकास आहे.

दुसरी गोष्ट मला खरं तर कूलर बनवायला लागल्यावर कळली. आपल्याकडे कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. ताट्यांवरचं, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या पडद्यांवरचं, पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. घामाचंही तसंच. मुंबईच्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ठिबकतो. मुंबईत कूलर खपत नाही त्याचं कारण आणि मी पेडर रोडवर बसलो त्याचं कारण एकच.

आता धंद्याकडे येतो.

पहिल्या हंगामात ६० कूलर करायचे असं कागदावर लिहिलं होतं. मार्च २०२२ आठवतो? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च. कामठी, उमरेड, भंडारा, सगळीकडून दुकानदारांचे फोन. "माल टाका, हंगाम संपला की हिशोब करू." मी दीडशे टाकले. रात्री दोन-दोन पाळ्या. फिटर मंडळी खूश, मी खूश. तेच पाच पन्नासचं घड्याळ, पण तेव्हा ओळखू आलं नाही. माल सगळा खपला, पैसे मात्र दिवाळीपर्यंत थेंबथेंब आले आणि काही आलेच नाहीत.

त्यातून शिकायला हवं होतं. मी उलटं केलं. २०२३ साठी जानेवारीतच ४०० कूलरचा पत्रा भरला, त्यासाठी गोल्ड लोन काढलं. मार्चमध्ये गारपीट. एप्रिलमध्ये पाऊस. मे उजाडला तरी ढगच. विदर्भातला तो उन्हाळा कूलरवाल्यांना विचारा. एप्रिलच्या मध्यावर चित्र स्पष्ट होतं, तेव्हा कटिंग थांबवायला हवं होतं. पण अंगात मॅरेथॉनवाला बसलेला ना! भिंत आली, म्हणजे पळताना शरीरानं एकदम हात टेकले, की ती फोडायची असते, ही आपल्या पळणाऱ्यांच्या गटातली रोजची भाषा. मे महिन्यात मी अजून ९० कूलर बनवले. पंपांची गॅरंटी गोडाऊनमध्ये बसल्या बसल्या संपली.

पळण्याकडून मी घ्यायचं ते सोडून भलतंच घेतलं होतं. पळणाऱ्याचं वर्ष शर्यतीच्या दिवसापेक्षा बाकीच्या दिवसांनी बनतं. आठवड्यातलं बहुतेक पळणं इतकं हळू असतं की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. नव्या माणसाला त्याची लाज वाटते. मलाही ताट्या बदलून द्यायच्या, पंप दुरुस्त करायचा, अशा कामांची लाज वाटायची, मी 'उत्पादक' ना! आता ऑक्टोबर ते जानेवारी तेच करतो. सोयाबीन निघाल्यावर पत्र्याच्या कोठ्या करतो. त्यात मोठा पैसा नाही, पण शनिवारी मजुरी त्यातूनच निघते. २०२४ ला १२० च कूलर केले, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. जे दुकानदार आगाऊला तयार नव्हते ते गेले. वाईट वाटलं.

मला ऐकायचंय ते हे: तुम्ही मधेच कधी थांबलात, आणि ते थांबणं बरोबर ठरलं का? जिंकल्याच्या गोष्टी नकोत, त्या खूप झाल्या.

---

फुटाळ्याचा_फेरीवाला
रविवार, ११.१५

+१. 'पाच पन्नासचं घड्याळ' हे आता आमच्या ग्रुपमध्ये चालवतो.

अवांतर: केल्विन किप्टुमनं २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९.४७ मध्ये होता. जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा पहिल्या अर्ध्यात हात राखून होता. पुढच्याच फेब्रुवारीत तो अपघातात गेला, तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता. असो, विषय भरकटला.

---

इतवारीतला
रविवार, दुपारी १२.०५

भाऊ, लिहिलं मस्त. पण एक गोष्ट पटली नाही. तुमची मॅरेथॉन ४२ ची हाये हे सुटायच्या आधीच मालूम असते. त्याच हिशोबानं तुम्ही पेस ठरवता. धंद्यात कोण सांगते का किती पळायचं हाये ते? बाबांच्या दुकानात कूलर-पंखेच विकतो आम्ही. २०२० चा माल फेब्रुवारीत भरला, मार्चमध्ये लॉकडाऊन. मनलं चला, पुढच्या साली काढू. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. दोन उन्हाळे माल जागेवर. तिथं कोणता पेस लावता सांगा. आम्ही ना हळू पळालो ना जोरात, रस्ताच उखडून नेला कोणी.

आन दुसरं, दुकानदार उधारी मागते ते काय शौक म्हणून मागते? आमचं गिऱ्हाईकही हप्त्यानं देते. तुमचे पैसे अडकले, त्याच्या आधी आमचे अडकले असते.

---

पत्रा_आणि_पाय
रविवार, १२.३०

@इतवारीतला, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. दुकानदारांबद्दल लिहिताना हात जरा सैल सुटला. पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०२० ला मी पगारावर होतो, घरी बसून पगार आला. हे लिहायला हवं होतं.

---

बुटीबोरी_पॅसेंजर
रविवार, दुपारी २.५०

शेवट माहीत नसलेली शर्यतसुद्धा असते. बॅकयार्ड अल्ट्रा म्हणतात. अमेरिकेत टेनेसीमध्ये सुरू झाली, आता बऱ्याच देशांत होते. दर तासाला ६.७०६ किलोमीटरची एक फेरी. पुढचा तास सुरू व्हायच्या आत परत यायचं आणि घंटा झाली की पुन्हा रेषेवर उभं राहायचं. एकच माणूस उरेपर्यंत हे चालू. (तो विचित्र आकडा यासाठी की २४ तासांत बरोबर शंभर मैल भरतात.)

यात जोरात पळून काही मिळत नाही. चाळीस मिनिटांत फेरी मारली तर वीस मिनिटं बसायला मिळतात, पण पाय तुटतात. पंचावन्न मिनिटांत मारली तर पाय शाबूत, पण खायला-प्यायला पाचच मिनिटं. प्रत्येकजण आपापला मधला आकडा शोधतो. इतवारीतल्या भाऊंच्या प्रश्नाला हे जास्त जवळचं वाटतं. किती फेऱ्या ते माहीत नाही, पुढच्या घंटेला उभं राहता आलं पाहिजे, बस.

आणखी एक मजेशीर नियम आहे. शेवटून दुसरा माणूस थांबला की जिंकणाऱ्यानं फक्त एक फेरी जास्त मारायची, तिथं शर्यत संपते. त्याच्यात दहा फेऱ्यांचा दम शिल्लक असला तरी मारता येत नाहीत.

---

इतवारीतला
रविवार, ३.१०

मंजे शेजारचं दुकान बंद झालं की आपलं बी संपलं? 😄 हे मात्र खरं हाये बा. सराफ्यात एकच दुकान असतं तर लग्नाचं सोनं घ्यायला गावोगावचे लोक इतवारीत आले असते का? आमच्या लायनीत २०२१ नंतर दोन शटर पडले. गिऱ्हाईक आमच्याकडं वाढेल असं वाटलं होतं. उलट त्या बाजूला लोक फिरकणंच कमी झालं.

---

डॉ_सदाफुली
रविवार, सायंकाळी ५.२०

धंद्यातलं मला कळत नाही, पण एक दुरुस्ती. धागाकर्त्यांनी 'कॅलरी' लिहिलंय तिथं किलोकॅलरी हवं. बोलताना सगळेच कॅलरी म्हणतात, तरी.

दुसरं म्हणजे आपल्या उन्हात पळणाऱ्यांची समजूत असते की पाणी जितकं प्याल तितकं चांगलं. तसं नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं होतं, त्यांच्यात हा धोका ठळक होता. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, पुढे झटके. गंमत अशी की लोक याला पाणी कमी पडल्याची लक्षणं समजतात आणि अजून पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्या, लांब पळताना मीठही पोटात जाऊ द्या.

आणि मे महिन्यात सकाळी सातनंतर पळू नका, कृपा करून. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेही हळूहळू वाढवलं तर.

---

ताळेबंद
रविवार, रात्री ९.०५

डॉक्टरबाईंनी न कळत माझ्या अर्ध्या अशिलांचं निदान केलं. हातात पैसा कमी पडतोय म्हणून अजून कर्ज पाजायचं. प्रत्यक्षात दुखणं असतं वसुलीचं.

धागाकर्त्यांसाठी दोन गोष्टी. पळताना तुम्ही भूक लागायच्या आधी काहीतरी खाता ना? बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा, हीसुद्धा गरज नसताना, ताळेबंद बरा दिसत असताना मागायची. तुम्ही २०२२ च्या मे-जूनमध्ये गेला असतात तर विक्रीचे आकडे दाखवता आले असते. २०२३ च्या मेमध्ये गेला असतात तर फक्त भरलेलं गोडाऊन दाखवायला होतं. आणि लिमिट मिळाली तरी ९० दिवसांपुढची उधारी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेच्या हिशोबात, धरत नाहीत. दिवाळीपर्यंत लांबलेला पैसा बँकेच्या लेखी नाहीच.

दुसरं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. आयकर कायद्यातही त्यासाठी जोड दिली आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्च आला की दुकानदारांच्या सीएंचे फोन याच विषयावर असतात. तक्रार करायची सोयही आहे, पण आपल्याच दुकानदारावर तक्रार टाकून पुढच्या हंगामात त्याच्याकडे माल टाकायला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बिलावर मुदत छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोड बोलून आठवण करून द्या, तेवढ्यानंही फरक पडतो.

---

पाटवडी
सोमवार, सकाळी ६.५०

सगळ्या दादालोकांचं वाचलं. मी एक किलोमीटरही पळालेली नाही, पळायची इच्छाही नाही.

रविवारी पहाटे चारला उठून तीस किलोमीटर पळायला जाणाऱ्याच्या घरी दूध कोण घेतं, पोरांना कोण उठवतं, आणि नऊ वाजता लंगडत आलेल्या माणसाला चहा कोण देतं? या धाग्यावर इतके आकडे आले, त्यात हा एकही नाही. धंद्याचंही तेच. गोल्ड लोन काढलं म्हणता. सोनं कोणाचं होतं?

मी धरमपेठेत डबे देते, नऊ वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, चाळीसच्या वर डबे घ्यायचे नाहीत, कोणी कितीही गोड बोललं तरी. मला राग आला होता. शेजारच्या होस्टेलवाल्यांनी एकदम साठ डबे मागितले होते, मी सासूबाईंशी दोन दिवस बोलले नाही. आजही चाळीसच आहेत. कधी बेचाळीस. त्यासाठी मला पेडर रोडवर जाऊन बसावं लागलं नाही.

थांबण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. मधे दिवाळीचा फराळ सुरू केला होता. दोन वर्षं केला, पैसे चांगले आले, तरी बंद केला. चकल्या तळताना हात भाजला आणि डबे आठ दिवस बंद पडले. रोजचे चाळीस लोक आठ दिवस बाहेर जेवले, त्यांतले तिघे परत आलेच नाहीत.

---

पत्रा_आणि_पाय
सोमवार, ८.१५

@पाटवडी ताई, बायकोच्या पाटल्या होत्या. चार. धाग्यात 'गोल्ड लोन' असा शब्द घातला आणि पुढे गेलो, ते तुम्ही बरोबर पकडलं.

तिनं स्वतःहून दिल्या, पण मी आधी मागितल्या होत्या, तेव्हा 'स्वतःहून'ला फारसा अर्थ नाही. मेमध्ये ते ९० कूलर बनवताना ती दोनदा गाळ्यावर आली होती. काही बोलली नाही, नुसती रचलेल्या टाक्यांकडे बघून गेली. तिचं न बोलणं मी पाठिंबा समजत होतो. गेल्या पोळ्याच्या आधी पाटल्या सोडवल्या. तिनं घातल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. पळणं आता शनिवारी करतो, रविवारी घरी असतो. काल कॉम्प्युटरवर बसून हा धागा लिहीत होतो हे मात्र खरं.

---

काटोलचा_बगीचावाला
सोमवार, दुपारी १.४०

आमच्या संत्र्याचं सांगतो. मृग बहार घ्यायचा असला की मे महिन्यात बगीच्याचं पाणी तोडतो. ताण देणं म्हणतात. झाड पानं टाकते, पाहणाऱ्याला वाटते मेलं. मग मृगाचा पाऊस पडला की फुलून येते. ताण कमी बसला तर नुसती हिरवी फूट निघते, फूल येत नाही. जास्त बसला तर फांद्या वाळतात, काही झाडं जातात. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून ताण बसायला दिवस जास्त लागतात, मुरमाड जमिनीत लवकर बसतो. शेजाऱ्यानं किती दिवस पाणी तोडलं ते पाहून आपण तोडलं तर फसलो.

एका साली मी ऐन ताणात पाणी सोडलं. झाडं पाहवली नाहीत. बहार गेला, झाडं वाचली. बरोबर होतं का चूक, घरात अजून वाद होतो.

---

नवखा_पाय
सोमवार, सायंकाळी ७.३०

कठड्यावर प्रश्न विचारणारा मुलगा मीच. 🙂 काकांनी हा धागा पाठवला म्हणून खाते उघडलं. एक शंका: थांबायचं कधी हे पळताना कळतं कसं? मला तर तिसऱ्या किलोमीटरलाच थांबावंसं वाटतं.

---

फुटाळ्याचा_फेरीवाला
सोमवार, रात्री ८.२०

@नवखा_पाय, तिसऱ्या किलोमीटरला सगळ्यांनाच वाटतं, तेव्हा मनावर घेऊ नकोस.

मी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स पळालो. पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनपर्यंत, सुमारे ८८ किलोमीटर, मुदत १२ तास. १९२१ पासूनची शर्यत आहे. बारा तास झाले की बंदूक वाजते आणि रेषा बंद. मागून एका सेकंदानं आलात तरी नाव लागत नाही. तिथं 'बस' असते. एक अनुभवी माणूस झेंडा घेऊन पुढे, त्यामागे शंभरेक लोक. तोच ठरवतो कुठं पळायचं आणि कुठं चालायचं. चढ लागला की पाय ताजे असले तरी सगळे चालतात. सुरुवातीच्या एका साध्या चढावर त्यानं चालायला लावलं तेव्हा मला अपमान वाटला, मी बस सोडून पुढे गेलो. पुढे वाटेतल्या इंचांगा नावाच्या चढावर तीच बस गाणी म्हणत मला ओलांडून गेली.

थांबायचं, चालायचं ते डोकं थंड असताना आधी ठरव आणि कुणाला तरी सांगून ठेव. साठाव्या किलोमीटरला डोकं भलतंच सांगतं. एकदा म्हणतं बस कर, एकदा म्हणतं उडवून दे.

---

पत्रा_आणि_पाय
सोमवार, रात्री ९.००

@नवखा_पाय, यंदा मी गाळ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: १५ एप्रिलपर्यंत निम्मा माल गेला नाही तर कटिंग बंद. फिटरला सांगितलंय आणि बायकोलाही. ती म्हणाली, खडूनं कशाला, रंगानं लिहा.

शनिवारी सकाळी साडेपाचला जपानी गार्डनपाशी भेटूया, ज्यांना जमेल त्यांनी या. आठ किलोमीटर, गप्पा मारत. नंतर तर्री-पोहे.

---

इतवारीतला
सोमवार, रात्री ९.४०

आठ किलोमीटर तुम्ही पळा, मी पोह्यांपाशी उभा राहतो.

आन भाऊ, वीस नग पायजेत यंदा, १८ इंची. निम्मे आगाऊ देतो. ताट्या मात्र चांगल्या लावजा, मागच्या साली दुसऱ्याकडून घेतल्या त्या महिनाभरात झडल्या.